उत्साहात संपन्न

—अगं नको, त्या खुर्चीत नको, तिचा एक पाय डुगडुगतो आणि शिवाय ती ह्यांची आहे — इकडे बस, खिडकीपाशी, उजेड आहे. तू म्हटलेलं चालतंय ना? आमच्या धाकटीपेक्षाही लहान दिसतेस. फोटोवाला नाही आणलास ते बरं केलंस बाई, घराची काय दशा झालीय बघ — सकाळपासून माणसांची रीघ, पुष्पगुच्छ ठेवायला जागा उरली नाही, बाथरूममधल्या बादल्यासुद्धा फुलांना दिल्या, आता अंघोळ काय डोंबलाची करायची? हां, तर काय विचारत होतीस — उद्यापासून मंत्र्याची बायको, कसं वाटतंय? अजून व्हायचेत हं ते, उद्या सकाळी शपथ, तोवर आपले नुसते निवडून आलेले. कसं वाटणार? चांगलंच वाटणार की. तसंच लिही — चांगलं वाटतं. 'अत्यंत' वगैरे लावू नकोस, ह्यांना खपत नाही, तुला माहीतच असेल, तू ह्यांच्याच पेपरातली. जिन्यावरची ती पाटी आहे ना अजून तुमच्या ऑफिसात? 'माणूस संपन्न असतो, कार्यक्रम नुसता होतो.' तीच! अगं, त्या एका शब्दापायी ह्यांनी माणसं घरी पाठवलीत. कुणी 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला' असं लिहिलं की लाल पेन्सिल अशी उचलायचे की वाटावं, साप निघालाय. आमच्या थोरलीच्या लग्नाची बातमी — आता मालकाच्याच मुलीचं लग्न, लिहिणाऱ्यानं हौसेनं लिहिलं होतं, सोहळा काय, थाटमाट काय, संपन्न काय — ह्यांनी सगळं खोडलं आणि ठेवलं काय, तर 'विवाह झाला.' झाला! मी म्हटलं, अहो, निदान उत्साहात तरी म्हणा, मी महिनाभर राबले ती काय उगाच? तर म्हणतात, उत्साह होता हे आलेल्यांना माहीत आहे, न आलेल्यांना काय करायचंय? मी दोन दिवस अबोला धरला होता. त्यांच्या लक्षात आला नाही ते सोड.

आतून आवाज येतोय ना, तेच आहेत. शपथ म्हणून बघताहेत. चालू दे त्यांचं, आपण बोलू. चहा घेशील ना? नंतर? बरं, नंतर.

सुरुवात तर सगळ्यांना पाठच आहे — भाड्याची एक खोली, पायानं चालवायचं जुनं मशीन, त्यावर दुकानांच्या पावत्या छापायच्या आणि उरल्या कागदावर चार पानांचा पेपर. घड्या घालायला मी. हे त्यांच्या कुठल्याच मुलाखतीत नाही, पण घड्या मी घातल्यात. बोटं इतकी काळी असायची की कणीक मळली की कणकेवर ठसे उठायचे — आमच्या जाऊबाई म्हणायच्या, हिच्या हातचं आधी वाचावं लागतं, मग खावं लागतं. पुढे मोठं मशीन आलं, इमारत आली, आणि घड्या घालायचं कामसुद्धा मशीनच करायला लागलं. मग मी सकाळची काय करायचे? हे समोर पेपर उघडून बसायचे, असा, दोन्ही हात पसरून, आणि मी ह्या बाजूला. मला ह्यांची बोटं दिसायची आणि मागचं पान. काही विचारलं की पानाआडून 'हं'. मुलगी झाली, 'हं'. घर गळतंय, 'हं'. संसारात काय पाहिलंत म्हणून कुणी विचारलं ना, तर सांगेन — मागचं पान. खेळ, हवामान आणि हरवले-सापडले. तू हसतेस, पण माझं वाचन सगळं तिथलंच. नाही, तक्रार नाही गं. हे लिहू नकोस. घड्यांचं लिही.

राजकारणात का गेले? पुलापायी. नदीवरच्या पुलासाठी ह्यांनी किती अग्रलेख लिहिले असतील — पूल झाला नाही, पण मुलं तेवढी बुडाली. एका पावसाळ्यानंतर घरी आले, चप्पलसुद्धा काढली नाही आणि म्हणाले, लिहून लिहून पूल होत नाही, ज्या खुर्चीत सही करतात तिथंच बसलं पाहिजे. मी म्हटलं, बसा. मला वाटलं, बोलतायत आपले. तर खरंच उभे राहिले! आणि काय बोलायचे गं सभांमधून — तू होतीस ना एका सभेला? मग बघितलंस ना? समोरचा उमेदवार कागदाची चळत घेऊन यायचा, चष्मा लावायचा, वाचायचा, पान चुकायचा. आणि ह्यांच्या हातात चिठोरं नाही. लोक म्हणायचे, हा माणूस पोटातून बोलतो. आता पोटातून बोलणार नाही तर काय करणार, कागदावरचं काही — कागद ह्यांना आवडतच नाही भाषणाला. तसं म्हणायचं होतं मला.

कोणता चष्मा? तो, फळीवरचा? हो, ह्यांचाच. धूळ? अगं, मोलकरीण सुट्टीवर आहे, आणि हे फुलांचं — नवीन घेतलाय ना त्यांनी, दुसरा. म्हणजे घ्यायचाय. काय बारीक नजर गं तुझी, ह्यांनीच नेमलं असणार तुला. नाही? गुरुजींनी? असेल, गुरुजींनीच. गुरुजी तुमचे आता संपादक, पण आमच्याकडे घरचेच. ह्यांच्या बरोबरीनं त्यांनी त्या खोलीतल्या मशीनवर पाय मारलाय. शाळेत कधी शिकवलं नाही, पण ज्याला त्याला ऱ्हस्व-दीर्घ शिकवत सुटतात, म्हणून गुरुजी. हे जगात दोनच माणसांचं ऐकतात, एक शब्दकोशाचं आणि एक गुरुजींचं. माझा नंबर? माझं 'हं'.

आजचा अग्रलेख? हो — वाचला की. ह्यांनीही वाचला. काय म्हणाले? म्हणाले, छान लिहिलाय. असं काय बघतेस? छान म्हणू नये का माणसानं? गुरुजींनी लिहिलंय ना, की मालकांनी शपथ घेऊ नये, एकाच माणसानं पेपरही चालवायचा आणि सरकारही चालवायचं हे वाचकाला फसवणं आहे, एक खुर्ची सोडा — आणि शपथ घेणारच असाल तर माझा राजीनामा धरून चाला. बरोबर? मला पाठ आहे. वाचून 'छान' कसं म्हणाले? मोठ्या मनाचा माणूस आहे. नाही पटत तुला. नाही पटायचं. मलाही नसतं पटलं.

दार लोट जरा. पूर्ण नको, त्यांचा आवाज ऐकू आला पाहिजे मला.

हे बघ, पेन खाली ठेव. ठेव म्हणते ना. तुला आठवतं, प्रचार ऐन भरात असताना एक दिवस तुमचा पेपर निघाला नव्हता? मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापलं होतं. मशीनला काही झालं नव्हतं. पहाटे गाडीवाला पहिली प्रत टाकून गेला, ह्यांनी उघडली, आणि जे ओरडले! फोन उचलला, प्रेसमध्ये फोरमनला — मशीन बंद कर, गठ्ठे परत बोलाव, कुणी विस्कटलं हे पान, एक अक्षर जागेवर नाही! फोरमन बिचारा म्हणत असणार, मालक, पान ठीक आहे; हे म्हणतात, तू मला शिकवणार पान? मालक विस्कटलं म्हणाले म्हणजे विस्कटलं. सगळे गठ्ठे परत आले बघ. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझ्या डोळ्यांना काय झालं. ह्यांना आयुष्यात असं वाटलेलंच नाही, चूक असली तर ती छापणाऱ्याची. मग माझ्यापुढे पान धरलं, तूच बघ म्हणाले. बघितलं मी. सगळं नीट होतं गं. ठळक, सरळ, शाई कुठं फुटलेली नाही. आणि ह्यांच्याकडे बघितलं, आणि म्हटलं — हो, विस्कटलंय. का म्हटलं? तू तो चेहरा बघायला हवा होतास.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत एक बारीक गाठ अडकून गेली, रक्ताची. नशीब, हातपाय शाबूत, वाचा शाबूत, बुद्धी तर विचारू नकोस. फक्त वाचता येत नाही. डोळ्यांनी दिसतं सगळं — अक्षर दिसतं, पण ते काही सांगत नाही म्हणतात. आणि गंमत काय माहितीये? लिहिता येतं! अगं खरंच, हात चालतो तसाच. फोन आला म्हणून मध्येच थांबले की झालं, कुठं थांबलो ते सापडत नाही, स्वतःचंच अक्षर आणि त्यांना उमगत नाही. मग मी बोट धरून बसते ओळीवर. तुमच्याकडे येतात ना त्यांचे लेख अजून, कुणाला काही कळलं? नाही ना? माझं बोट आहे ते.

लपवायचं नव्हतं त्यांना, तेवढं खरं सांगते. दुसऱ्याच दिवशी म्हणाले, बातमी करतो, पहिल्या पानावर, मालकाला वाचता येत नाही. मी म्हटलं, अहो, निवडणूक तरी होऊ दे. झाली. मग म्हटलं, शपथ तरी होऊ दे. आणि मला सांग, अडतं कुठं? मंत्री स्वतः वाचतो का कधी? त्याला सगळे वाचूनच दाखवतात, तो मान हलवतो आणि सही करतो. ह्यांना सही येते. शपथ पाठ आहे — ऐकतेयस ना — हातात कागद धरायचा, अमुक शब्दाला नजर खाली, तमुक शब्दाला वर, आम्ही बसवलंय सगळं. कागद उलटा धरला जाऊ नये म्हणून वरचा कोपरा मी जरा दुमडणार आहे, अंगठ्याला लागेल असा. मंत्री नाही झाले तर काय करतील, तू सांग ना? पेपरातून उठलेले, डोळ्यांपुढचं अक्षर गेलेलं — ह्या डुगडुगत्या खुर्चीत बसून भिंतीकडे बघतील. मी बघितलंय त्यांना तसं बसलेलं. मला नाही बघवत.

म्हणून सकाळी मी वाचते. पहिल्या ओळीपासून. आणि हे समोर बसतात, मध्ये पान नाही, काही नाही, सगळं तोंड माझ्याकडे करून, माझ्या ओठांकडे बघत — इतक्या वर्षांत, बाई, इतक्या वर्षांत ह्या माणसाच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे हे मला आत्ता कळलं. कधी म्हणतात, हळू वाच. कधी म्हणतात, आवाज छान आहे गं तुझा. मला! पहिल्यांदा मी फक्त गाळायला लागले. कुणी ओळखीचं गेलं, गाळलं. कुणी ह्यांच्यावर वाईटसाईट लिहिलं, गाळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला त्रास नको. आणि मग गाळल्यावर भोक पडतं ना, ते कळू नये म्हणून दोन वाक्यं आपली घालायची. आणि मग — कसं सांगू तुला — यायलाच लागली गं वाक्यं. ह्यांनी आयुष्यभर ठरवलं सगळ्या गावानं काय वाचायचं. मी एकाच माणसापुरतं ठरवते, त्यात काय एवढं?

काल पेपरात ह्यांच्या परवाच्या सत्काराची बातमी होती. तुमच्या पेपरात किती आली? दोन ओळी. 'सत्कार झाला.' ह्यांचीच शिकवण, ह्यांच्याच सत्काराला! मला नाही राहवलं. मी चांगला भरगच्च वाचला — गर्दी, टाळ्या, सभागृह दणाणलं, कुणीतरी डोळे पुसले, आणि सोहळा अत्यंत उत्साहात संपन्न झाला. थोरलीच्या लग्नाचंसुद्धा भरून काढलं म्हण ना. हे ऐकत होते, कप तोंडाला लावलेला. खाली ठेवला. म्हणाले, शेवटचं परत वाच. मी परत वाचलं, आणखी ठासून. कप परत उचलला. मला वाटलं, आवडलं.

आणि आज गुरुजींचा तो अग्रलेख. उघडला आणि आधी मनातल्या मनात वाचून काढला. हे वाचून दाखवलं तर उद्याची शपथ नाही, हे मला लख्ख कळलं, कारण गुरुजी म्हणाले की संपलं, हे जातील आणि शपथेचा कागद परत करून येतील. आणि गुरुजींचं चुकलंय असंही नाही, ते मी मानते, वाचक फसतोच. पण गुरुजींना काय माहीत, इथं खुर्ची गेली की काय उरतं? मग वाचला मी. माझा. पोटातून. जुना सहकारी म्हणून अभिमान वाटतो, पूल आता होणार, शब्दाचा माणूस सत्तेत चालला — चांगला जमला होता गं! हे म्हणाले, गुरुजींनी लिहिलंय? म्हटलं, हो. म्हणाले, छान लिहिलाय. आणि उठून आत गेले शपथ म्हणायला. तेव्हापासून तेच चाललंय.

आता तू हे काही छापणार नाहीस. छापलंस तरी काय, ह्यांच्यापर्यंत पोचेल ते मी वाचेन तेच — नाही, नाही, असं नव्हतं म्हणायचं मला, ऐक, बस, कुठं उठलीस? तू मला माझ्या मुलीसारखी आहेस. उद्याचा एक दिवस. परवा मी स्वतः सांगेन त्यांना, गुरुजींचंही सांगेन, शप्पथ. रडत नाहीये मी, फुलांच्या परागांनी होतं मला असं. एक दिवस थांबलीस तर तुझं काय —

आवाज थांबला का गं आतला?

अहो — झालं म्हणून? या ना. ही होय, आपल्या पेपरातली, गुरुजींनी पाठवलंय, घरची बाजू लिहायला. निघालीच होती. निघालीस ना गं? — बसा, सांभाळून, पाय डुगडुगतोय तिचा. चहा टाकते. — पेपर? आजचा? वाचला की सकाळी, सगळा वाचला, राहिलंय काय त्यात? — हिनं? हिनं कशाला वाचायचा? अहो, परक्या मुलीसमोर असं काय बोलता, तिला काय वाटेल, तुम्हाला काय वाचता येत — हो. सांगितलं. निघालं तोंडातून. — तुम्ही सांगणारच होतात? आज? हिलाच? पण आपलं ठरलं होतं, शपथेनंतर म्हणून. — ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. बरं, मी ठरवलं होतं.

काय म्हणालात?

संपन्न.

हो, वाचलं मी तसं. काल. दोनदा वाचलं. — नव्हतं छापलेलं. तुमच्या पेपरात कसं छापतील ते. — म्हणजे आजचा अग्रलेख ऐकताना तुम्हाला माहीत होतं? आणि छान म्हणालात? मग कालच का नाही — कालच म्हणायचंत ना, थांब, हे खोटं आहे, मी थांबले असते! — कोण खुशीत होतं? मी? — मी वाचताना कशी दिसते हे तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही कधी —

बरं.

घे गं. त्या टेबलावर आहे, पुष्पगुच्छांच्या खाली. वरचं पान ओलं झालं असेल, ते हळूच सोडव, अग्रलेख आतल्या पानावर आहे, डावीकडे. चष्मा राहू दे, त्यांना नको. जवळ बस त्यांच्या, माझ्या जागेवर बस. शीर्षकापासून वाच. काही गाळू नकोस, आणि काही — तू नाहीच घालणार.

वाच. मी नाही बोलत मध्ये.